लाल दोऱ्याची तार आधी

रत्नमाला : नाही सर, बोर्डाला जोडायची ही तार चांगली आहे. मशीनने तिला ओळखलंय. फक्त उघडू देत नाही. परवानगी नाही म्हणतंय.

अजिनाथ : परवानगी नाय? वर्कशॉप माझं, कॉम्प्युटर माझा, परवाच खोक्यातून काढला. आन परवानगी कोणाची पाहिजे म्हणं?

रत्नमाला : लिनक्सची, म्हणजे या कॉम्प्युटरच्या सिस्टीमची. इथे सीरियल पोर्टला, म्हणजे या तारेच्या दाराला, कोणीही उठून हात लावायचा नसतो. 'डायलआऊट' म्हणून एक ग्रुप असतो, त्यात आपलं नाव लागतं. तुमच्या जुन्या मशीनवर कोणीतरी आधीच घालून ठेवलं असणार, म्हणून तुम्हाला कधी अडलं नाही. आता मी घातलं. एकदा लॉगआऊट करून परत आत यायचं, बस.

अजिनाथ : म्हणजे सोसायटीचं सभासद झाल्यासारखं. वर्गणी तर नाय ना?

रत्नमाला : वर्गणी नाही, सर. हं, हे बघा. उघडलं.

अजिनाथ : हे काय उघडलं? मुंग्या सोडल्यासारखं दिसतंय नुसतं.

रत्नमाला : स्पीड जुळलेला नाही. बोर्ड भरभर बोलतोय आणि आपण हळूहळू ऐकतोय. एक मिनट. एक लाख पंधरा हजार दोनशे... आता बघा.

अजिनाथ : हां. आता कसं माणसावाणी बोललं. ऊब, ओल, पंखा, पेटी फिरवायची मोटर. सगळं हाय. पोरी, हा बोर्ड दिसायला एवढासा, पण उबवणीच्या पेटीत कोंबडीच्या जागी हा बसतो. कोंबडी तरी मधूनच उठून दाणे टिपायला जाते. याला तेवढी बी सवलत नाय.

रत्नमाला : कोंबडीचा पगार किती सर? कारण माझा अजून ठरलेला नाही.

अजिनाथ : ठरंल, ठरंल. पंधरा दिवस झाले येऊन, आन लागली बोलायला. चल, दुसरी तार लाव. थांब, थांब! अशी नाय. आधी लावलेली काढ. दोन्ही काढ. आता लाल दोऱ्याची आधी लाव. मग काळी.

रत्नमाला : हेच विचारायचं होतं. आल्यापासून बघतेय. एका तारेला लाल दोरा, एकीला काळा. मला वाटलं नजर लागू नये म्हणून असेल.

अजिनाथ : नजर कसली लागते तारेला? शालूनं बांधून दिलेत, माझ्या मंडळीनं. शिवणाचा दोरा हाय. आता नीट ऐक, कारण या वर्कशॉपात हा एकच कायदा हाय. दोन्ही तारा एकाच दुकानातल्या, एकाच जातीच्या. कॉम्प्युटरला दोघी सारख्याच दिसतात. जी आधी लागंल तिला तो झिरो नंबर देतो, मागून येईल तिला एक नंबर. बरोबर?

रत्नमाला : बरोबर.

अजिनाथ : लाल तार आपल्या खेळायच्या बोर्डाला. त्याच्या आतलं सगळं पुसा, परत लिहा, जाळा, कोणी विचारणार नाय. काळी तार गिऱ्हाइकाच्या बोर्डाला. त्याचं फक्त ऐकायचं. आन पुसायची जी आज्ञा आपण करून ठेवली ती कायम झिरोला जाते. म्हणून लाल आधी. आमच्यात मेंढराच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात ना, कुणाचं कोणतं ते कळावं म्हणून? तेच डोकं लावलं मी.

रत्नमाला : डोकं चांगलं आहे, सर. पण पट्टा आपल्याला दिसतो. कॉम्प्युटरला दोरा कुठे दिसतो?

अजिनाथ : त्याला कशाला दिसायला पाहिजे? लावणारा माणूस हाय ना.

रत्नमाला : आणि लाईट गेली तर?

अजिनाथ : गेली तर गेली. चहा प्यायचा. शुक्रवारी जातेच इथं.

रत्नमाला : तसं नाही. लाईट गेली, कॉम्प्युटर बंद पडला. लाईट आली, तो आपोआप चालू झाला. तेव्हा दोन्ही तारा लागलेल्याच आहेत. मग आधी कोण आलं म्हणायचं?

अजिनाथ : जी आधी लावलेली, ती.

रत्नमाला : ते त्याच्या ध्यानात कुठे राहतंय, सर? तो झोपून उठलाय. उठल्यावर जी तार आधी हाक देईल ती झिरो. रोज एकच आधी देईल असं काही नाही.

अजिनाथ : नाय, नाय. तसं होत नाय. इतकी वर्षं हे चाललंय. लाईट काय आजच जायला लागली का?

रत्नमाला : एकदाही उलटं झालं नाही?

अजिनाथ : ...एकदा झालं. पण ते वेगळं. ते माणसाच्या हातनं झालं.

रत्नमाला : कोणाच्या?

अजिनाथ : भारतच्या.

रत्नमाला : भारत... पुसायची जी फाईल आहे तिच्यात वर नाव आहे ते? मी म्हटलं कोणी जुना इंजिनीअर असेल. फार नीट लिहिलंय त्यांनी.

अजिनाथ : इंजिनीअर कुठला. धाकटा भाऊ माझा. डिप्लोमा अर्धा सोडला, इथंच माझ्याजवळ बसून शिकला. नीट लिहायचा, व्हय. हात लई साफ होता त्याचा.

रत्नमाला : आता कुठे असतात?

अजिनाथ : गावाकडं. पिशोरला. तू ती फाईल नव्या मशीनवर घेतली का?

रत्नमाला : घेतली. पण मी ती चालवणार नाही, सर. झिरोला पुसून टाक असं सरळ लिहिलंय तिच्यात. झिरो कोण हे पक्कं नसताना माझा हात धजणार नाही. त्या वेळी काय झालं होतं?

अजिनाथ : चितेगावच्या रस्त्याला फकिराभाऊंची हॅचरी हाय. त्यांच्या पेटीचा बोर्ड मधूनच आचके द्यायचा. म्हणून सकाळी काढून आणला, संध्याकाळच्या आत बसवून द्यायचा होता. तोवर ते हीटर लावून कशीतरी ऊब धरणार होते. पेट्यांत अंडी होती ना, निघायच्या बेतातली.

रत्नमाला : बाप रे.

अजिनाथ : त्या बोर्डात त्यांच्या एकेका पेटीची मापं होती. कोणत्या पेटीला किती ऊब, किती ओल, ते हळूहळू बसवत आणलेलं. भारतनं लाल तार लावली, काळी लावली. आन पुसायची आज्ञा दिली खेळायच्या बोर्डाला. पुसला गेला फकिराभाऊंचा.

रत्नमाला : मापांची नक्कल नव्हती?

अजिनाथ : नक्कल काढायलाच तर काळी तार लावली होती.

रत्नमाला : मग?

अजिनाथ : मापं परत बसवायला दुसरा दिवस उजाडला. तोवर अंडी गार. सगळी. बोर्ड पुसला गेला तेव्हा फकिराभाऊ इथंच दारात उभे होते. त्यांनी एक शब्द काढला नाय तोंडातून, त्यानंच माझ्या डोक्यात जास्त जाळ झाला. मला वाटलं, यानं आधी काळी तार लावली. ध्यान नव्हतं याचं. वयच तसं, दिवसभर मोबाईलमध्ये डोकं.

रत्नमाला : ते काय म्हणाले? भारतदादा?

अजिनाथ : कोण काय म्हणतं अशा वेळी? माझ्याकडून झालं नाय, हेच म्हणणार. सगळेच म्हणतात.

रत्नमाला : आमचे पप्पा कंपनीत होते, साहेबराव हे त्यांचं नाव घेतलं की अजूनही ओळखतात तिथले लोक. ते म्हणायचे, चूक माणसाची निघाली की साहेबाचा जीव भांड्यात पडतो. मशीनची निघाली तर खर्च येतो.

अजिनाथ : मी काय साहेब हाय का? माझाच भाऊ तो.

रत्नमाला : सर, रागवू नका. एक विचारू? त्या दिवशी लाईट गेली होती का?

अजिनाथ : काय की. लई दिवस झाले.

रत्नमाला : आठवून बघा ना.

अजिनाथ : ...शुक्रवार होता. गेली असंल. व्हय, गेली होती. आम्ही सगळे बाहेर टपरीवर चहा प्यायला गेलो. परत आलो तर आलेली होती. भारत आत गेला, मी दारात फकिराभाऊंशी बोलत थांबलो.

रत्नमाला : आणि तारा आधीच लावलेल्या होत्या. चहाच्या आधी.

अजिनाथ : तेच तर मला माहीत नाय ना! चहाच्या आधी लावल्या का नंतर, कोणी बघितलं?

रत्नमाला : मग आत्ता बघू. टेन्शन नका घेऊ. गिऱ्हाइकाचा बोर्ड लावायचा नाही, दोन्हीकडे खेळायचेच लावू. लाल आधी, तुमच्या कायद्याने. मग काळी. हे बघा, लाल झिरो, काळी एक. आता मी कोणत्याच तारेला हात लावत नाही. फक्त बटण दाबून मशीन बंद करते आणि चालू करते. लाईट गेल्यासारखं.

अजिनाथ : कर.

रत्नमाला : चालू झालं. लाल... झिरो.

अजिनाथ : बघ! बोललो नव्हतो? खामखा घाबरवलं मला.

रत्नमाला : परत करते.

अजिनाथ : कर की. दिवसभर कर. माझ्या छातीवरचा दगड उतरला बघ.

रत्नमाला : लाल झिरो.

अजिनाथ : पुस्तकातलं असतं तुमचं. इथं हाताखाली काम केल्यावर कळतं. दोरा तर दोरा, चालतंय ना? आता बास कर, तो गिऱ्हाइकाचा बोर्ड घे, ऊब का उतरते ते बघू.

रत्नमाला : एकदाच अजून.

अजिनाथ : तू लई हट्टी हायस, रत्नमाला. आमची माय अशीच हाय. दगडाबाई नाव, आन नावाप्रमाणं.

रत्नमाला : सर.

अजिनाथ : काय?

रत्नमाला : स्क्रीन बघा. लाल एक झाली. काळी झिरो.

अजिनाथ : कशी? तू हलवली असशील तार.

रत्नमाला : मी नाही हलवली.

अजिनाथ : हलवल्याशिवाय असं होतं का? टेबलाला धक्का लागला असंल. तुझी ओढणी अडकली असंल. खरं सांग, हात लावलास ना?

रत्नमाला : सर, माझे दोन्ही हात तुमच्यासमोर टेबलावर आहेत. मघापासून. मी तारांना हात लावला नाही.

अजिनाथ : परत बोल.

रत्नमाला : काय?

अजिनाथ : आत्ता जे बोललीस ते.

रत्नमाला : मी तारांना हात लावला नाही.

अजिनाथ : हेच. हेच बोलला होता तो. "दादा, मी तारांना हात लावला नाय." चहानंतरचं सांगत होता तो, एवढंच धरून बसला होता. मी ओरडत होतो, आन तो तेच तेच. मला वाटलं, केवढा निर्ढावलेला हाय. फकिराभाऊंसमोर मी त्याला खोटारडा म्हणालो. खोटारडा, आन अजून काय काय.

रत्नमाला : अजून काय?

अजिनाथ : ते नको विचारू.

रत्नमाला : बसा तुम्ही. पाणी घ्या.

अजिनाथ : त्यानं एकदा मागितलं होतं गं. त्या भानगडीच्या लई आधी. "दादा, या तारांची नावं मी पक्की करून ठेवतो, मला अर्धा दिवस दे." मी म्हणालो, चालत्या गाडीला खीळ घालू नको. गिऱ्हाईक दारात, आन तुला बारसं सुचतंय. मग त्यानं विषय काढला नाय.

रत्नमाला : अर्धा दिवस पण लागला नसता.

अजिनाथ : किती लागला असता?

रत्नमाला : राहू द्या ना सर.

अजिनाथ : सांग.

रत्नमाला : दोन ओळी लिहायच्या असतात. एका फाईलीत. या दोन तारांना स्वतःचा वेगळा नंबर नाही, सारख्याच आहेत, म्हणून तारेवरून नाव देता येत नाही. पण कॉम्प्युटरचं भोक तर वेगवेगळं आहे! मागचं खिडकीकडचं भोक म्हणजे खेळायचा बोर्ड, भिंतीकडचं म्हणजे गिऱ्हाइकाचा. तेवढं लिहून ठेवलं की लाईट जाऊ दे, तार कोणी कधीही लावू दे, नाव बदलत नाही. मग पुसायची आज्ञा झिरोला द्यायचीच नाही. नावाला द्यायची.

अजिनाथ : दोन ओळी.

रत्नमाला : टपरीवरून चहा येईपर्यंत होतात.

अजिनाथ : एवढ्यासाठी माझा भाऊ गेला.

रत्नमाला : सर, मी एक बोलू? मी लहान आहे, पण बोलते. तुम्ही मला पण आत्ता तेच म्हणालात. मी ओढणी पण घातलेली नाही आज.

अजिनाथ : ...व्हय. म्हणालो.

रत्नमाला : उद्या खरंच काही बिघडलं तर मी काय करायचं? मी घरी सांगून आलेय, चांगली माणसं आहेत म्हणून.

अजिनाथ : तुझा काय कसूर नाय. त्याचा बी नव्हता. मला चूक माथी मारायला माणूस पाहिजे होता, आन तो सगळ्यात जवळ उभा होता. लिही त्या दोन ओळी.

रत्नमाला : लिहिते. तुम्ही फोन लावा.

अजिनाथ : कोणाला?

रत्नमाला : कोणाला म्हणजे? भारतदादांना.

अजिनाथ : माझा फोन उचलत नाय तो. सुरुवातीला केले दोन-चार. मग मी बी केला नाय. म्हणालो, ज्याची चूक त्यानं करावा.

रत्नमाला : मग घरी कोणाला तरी लावा. आत्ता. संध्याकाळी तुम्ही लावणार नाही, मला दिसतंय.

अजिनाथ : आबांना लावतो, वडलांना. तू इथंच थांब. आवाज मोठा ठेवतो. एकट्याला नाय जमायचं मला.

(बरीच रिंग वाजल्यावर पलीकडून मेंढरांचा आणि लांबून काहीतरी ठोकल्याचा आवाज.)

सूर्यभान : हां, कोण? अजिनाथ व्हय? थांब रं, बांधावर येतो. खाली आवाज धरत नाय... हां. बोल.

अजिनाथ : आबा, कुठं हायात?

सूर्यभान : पिशोरच्या वरल्या अंगाला. सांडूच्या रानात लेंडीखताला मेंढरं बसवायलोत. पोरं बरी हायेत ना तुझी? शालू?

अजिनाथ : बरी हायेत. माय?

सूर्यभान : गुडघा धरलाय तिचा. बाकी तोंड चालू हाय. तुझा आवाज असा का येतोय? जेवला नाय व्हय अजून?

अजिनाथ : जेवलो. आबा, भारत हाय का जवळ?

सूर्यभान : हाय की. जाळीच्या मेखा ठोकतोय पलीकडं. देऊ का? भारत! ए भारत! दादा हाय फोनवर! ...हात गुंतल्यात म्हणतो.

अजिनाथ : मी थांबतो.

सूर्यभान : लई येळ लागंल त्याला. मेंढरं दिवस मावळायच्या आत जाळीत घ्यायचीत. मला सांग, मी सांगतो त्याला.

अजिनाथ : तुम्हाला नाय कळायचं, आबा. कॉम्प्युटरचं हाय.

सूर्यभान : मला कळायचं काय काम? त्याला कळल्याशी मतलब.

अजिनाथ : त्याला म्हणावं, तारांचा नंबर आपोआप बदलतो. लाईट जाऊन आली की बदलतो. आज मी माझ्या डोळ्यानं बघितलं.

सूर्यभान : भारत! दादा म्हणतोय, लाईट जाऊन आली की तारांचा लंबर आपसूक बदलतो! त्यानं डोळ्यानं बघितलं म्हणं!

अजिनाथ : काय म्हणला?

सूर्यभान : व्हय म्हणला.

अजिनाथ : व्हय म्हणजे?

सूर्यभान : म्हणजे व्हय. ठाऊक हाय म्हणतो त्याला. इकडं आला, चार रात्री झोप नव्हती, तवाच ध्यानात आलं म्हणं.

अजिनाथ : मग सांगितलं का नाय? एक फोन करायचा! एवढे दिवस...

सूर्यभान : विचारू?

अजिनाथ : विचारा.

सूर्यभान : भारत! ठाऊक होतं तर दादाला का सांगितलं नाय म्हणतोय! ...हसला.

अजिनाथ : हसला?

सूर्यभान : हसला, आन दुसरी मेख घेतली.

अजिनाथ : आबा, माझं चुकलं. लई चुकलं. त्याला सांगा, दादा म्हणतोय माझं चुकलं. मी आत्ताच फकिराभाऊंकडं जातो. सांगतो त्यांना, पोरगा खरं बोलत होता. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोर परत घेतो.

सूर्यभान : काय बोलला होतास?

अजिनाथ : त्यानं सांगितलं नाय तुम्हाला?

सूर्यभान : नाय बा. काम सुटलं म्हणला, एवढंच. म्या बी खोदून विचारलं नाय. जेवायला वाढलं.

अजिनाथ : जाऊ द्या, आबा.

सूर्यभान : नाय. सांग. तू परत घेणार हायस तर काय घेणार ते कळू दे मला.

अजिनाथ : ...म्हणालो, तुझ्याच्यानं हे व्हायचं नाय. तुझी तेवढी अक्कल नाय. जा, मेंढरं वळ जाऊन.

सूर्यभान : मेंढरं वळ जाऊन.

अजिनाथ : रागाच्या भरात निघून गेलं तोंडातून. मला तसं म्हणायचं नव्हतं.

सूर्यभान : तसंच म्हणायचं होतं. असू दे. एखादं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात शिरलं तर म्या कधी मेंढराला झोडल्यालं बघितलं व्हय तू? राखणाऱ्याचं ध्यान कुठं होतं, ते बघतो. तेवढी अक्कल असावी लागती मेंढरं वळायला.

अजिनाथ : काय बोलू आता मी?

सूर्यभान : काय बी नको बोलू. चुकलं म्हणालास ना? ते म्या सांगतो त्याला. भारत! दादा म्हणतोय त्याचं चुकलं! तू खरं बोलत होता म्हणतो! ...हां. मान हालवली.

अजिनाथ : त्याला म्हणावं परत ये. नवा कॉम्प्युटर आणलाय. पाहिजे तसं मांड म्हणावं सगळं, मी मधी बोलणार नाय. एक पोरगी आलीय कामाला, हुशार हाय, दोघं मिळून बघा. म्हणावं, मी पुढं येऊन घेऊन जातो त्याला, हातात बॅग घेतो त्याची.

सूर्यभान : एवढं समदं वरडून कसं सांगू? भारत! दादा बोलावतोय! परत ये म्हणतो कामाला! घ्यायला येतो म्हणतो!

अजिनाथ : काय म्हणला?

सूर्यभान : दिवाळीला येतो म्हणला. मायला घेऊन.

अजिनाथ : भेटायला नाय, आबा. राहायला. कामाला.

सूर्यभान : त्येच सांगितलं म्या. नीट ऐकू गेलंय त्याला.

अजिनाथ : अजून लई राग हाय ना त्याच्या मनात? असू द्या. मी उद्या पहाटेच निघतो. येऊ द्या मला त्याच्यासमोर. चार शिव्या घालू द्या, मारू द्या, मी हात वर करणार नाय. राग एकदाचा निघून गेला म्हणजे येईल तो.

सूर्यभान : मायला भेटायला ये. वाट बघती ती. त्याच्यासाठी येऊ नको.

अजिनाथ : का, आबा?

सूर्यभान : राग असता तर आला असता रं त्यो. कवाच आला असता, भांडायला. राग गेला त्याचा.